'बांध फोडा' कोण म्हणालं

बेळगुंदी, ६ जुलै २०२५

सौरव,

पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची असते. तो मी ठेवून घेतलाय. पुढं कधी मनात आलं तर देईन, न्हायतर ऱ्हाऊ दे तसाच.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. माधवी वकीलबाई म्हणाल्या, ईमेल करा. ईमेलवर मला नीट भांडता येत न्हाय. म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवतोय, म्हंजे मिळालंच न्हाय म्हणायची सोय ऱ्हायला नको. आणि बोलतो तसंच लिहिणार. तुझ्या बेंगळूरच्या फ्लॅटात कुणी वाचून हसलं तर खुशाल हसू दे.

माधवीबाईंनी बजावलंय, सगळं स्वच्छ लिहा, त्याला विसरायला जागा ठेवू नका. तर लिहितो. मार्चातली फुटबॉलची मॅच, दोन्हीकडं कोच आपणच. तुझा संघ म्हंजे आपला देश. माझा संघ म्हंजे ती समुद्रातली चिमूटभर बेटं. तुम्हाला जिंकायलाच पाहिजे होतं, आम्हाला बरोबरी पुरत होती. शेवटची पाच-सात मिनिटं ऱ्हायलेली, गोल कुणाचाच न्हाय. माझी चार पोरं मागं घट्ट उभी होती आणि तुझ्या पोरांना आत शिरायला वाट सापडत न्हवती. दोघांची बाकं एकाच अंगाला. त्या अंगाकडनं हाक आली, "बांध फोडा!" माझी चारही पोरं जागा सोडून पुढं धावली. मागं रान मोकळं. तुझा एकटा फॉरवर्ड आत घुसला आणि गोल करून मोकळा झाला.

ते दोन शब्द मी म्हणालो न्हाय. तू म्हणालास.

पोरं म्हणतात, कोचनंच सांगितलं. कोचचा आवाज, कोचचीच भाषा. मग बेटांवरचे लोक म्हणाले, मामानं भाच्याला मॅच दिली, हा माणूस आपल्या देशासाठी विकला गेला. आता चौकशी समिती बसलीय. ठपका आला तर जन्मभराची बंदी. मोठे संघ गेले खड्ड्यात, त्यांची हौस फिटली. पण इथं बेळगुंदीत शाळेच्या मैदानावर मी पोरींचा एक संघ उभा केलाय, त्यांच्या रेषेवर सुद्धा मला उभं ऱ्हाता येणार न्हाय. रेषेवर उभं ऱ्हाऊन ओरडणं, ह्यापरीस मला दुसरं काय येतं सांग.

तुझ्याकडनं मला एकच ओळ पाहिजे. 'बांध फोडा' मी म्हणालो, एवढीच. लोक तुला चार दिवस लबाड म्हणतील, वरचे दंड लावतील. म्हणू देत, लावू देत. मला चोर म्हणतायत ते जन्मभर म्हणतील.

रवळू मामा


बेळगुंदी, २० जुलै

सौरव,

पोचपावती आली. तीवर सही कुणाची तरी हाय, तुझी न्हाय. तेवढाही हात झिजवायचा न्हाय म्हंजे झालंच.

इथं रोप लावणी चाललीय, गुडघाभर चिखल. काल बांधावर उभा होतो आणि तुझी आठवण आली. चांगली न्हाय, पण आली. ते शब्द ह्याच बांधावर जन्माला आले. तुझे बाबा गेलते. तुझी आई, आमची बेबी, तुला घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, ह्याला कायतरी कामाला लाव, न्हायतर हा अनगोळच्या चौकात बसून नासंल." मी तुला आमच्या क्लबात घातलं. तुम्हा पोरांना इंग्रजी शब्द कळत न्हवते आणि मला तरी कुठं धड येत होते! म्हणून शेतातलेच लावले. 'पेंढी बांध' म्हंजे सगळे जवळ या. 'पाट सोड' म्हंजे कडेनं बॉल पळव. 'चिखल कर' म्हंजे खेळ रेंगाळत ठेव. 'बांध फोडा' म्हंजे मागच्या चौघांनी एकदम जागा सोडून पुढं सुटायचं.

ह्या शब्दांवर मी गोव्याचा क्लब चालवला. कोलकात्याचा चालवला. तिथं हरलो तेव्हा माझा पुतळा जाळला, आणि पुढच्या आठवड्यात जिंकलो तर त्याच लोकांनी दारात भला थोरला मासा आणून टांगला. मग देशाचा संघ. मणिपूरचा पोरगा केरळच्या पोराला 'पेंढी बांध रं' म्हणायचा आणि पेपरवाले हसायचे. हसू देत म्हटलं, पेंढी तर बांधली जातीय! देशाचा कोच झालो तेव्हा बेंगळूरवाले म्हणाले, हा मराठी. मुंबईवाले म्हणाले, हा कर्नाटकातला. सत्कार बेळगुंदीनं केला, शाल आणि रताळ्याचं पोतं देऊन. ह्या सगळ्यात तू माझ्या मागं होतास, आधी गोलकीपर, मग असिस्टंट. मी कुणाला इतकं जवळ केलं न्हाय.

आणि आवाज. मिसरूड फुटलं तसा तुझा आवाज फुटला तो थेट माझा. गोव्यात माझा घसा बसला की तुलाच ओरडायला लावायचो, पोरांना पत्ता लागायचा न्हाय. तुझी मामी फोनवर फसायची, मला सांगायचा बाजार तुलाच सांगून मोकळी व्हायची. फसली न्हाय ती एकच, तुझी आई. आठवतं का, आपण दोघं मुद्दाम तिच्या दाराबाहेर उभं ऱ्हाऊन नुसतं 'दार उघड' एवढंच म्हणायचो? आत मिक्सर चालू असायचा. तरी आतनं यायचं, "अण्णा, थांब, हात पिठाचा हाय", न्हायतर "सौरव, चपला बाहेर काढ". एकदासुद्धा चुकली न्हाय. आपण पैजा लावून हरायचो.

ते पण विसरलास म्हण.

मामा


बेळगुंदी, १० ऑगस्ट

सौरव,

काल अनगोळला मष्णूच्या सलूनमध्ये दाढीला बसलतो. तोंडाला फेस लावलेला, आणि मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, "भाच्यानं मामाला मामा बनवला की रं!" सगळं दुकान खदखदून हसलं. मष्णू पण हसला, वस्तरा हातात धरून. अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो. बसनं बेळगुंदीला येईपर्यंत लोक माझ्या तोंडाकडं बघत होते. तुला सांगतो, एवढी शरम मला सहा गोलांनी हरल्यावर आली न्हवती.

तू काय विचार करत असशील ते मला कळतंय. मामाच आधी वैर धरून बसला, असंच न्हवं? मी धरलं न्हाय. मला देशाच्या संघावरनं काढलं तेव्हा मी तुला एवढंच म्हटलं, तू माझा असिस्टंट, माझ्याबरोबर तूही राजीनामा दे. तू म्हणालास, "मामा, मला घर चालवायचं हाय." आणि आठ दिवसांत माझ्या जागेवर! मी कुणापाशी तोंड उघडलं न्हाय. एका पेपरला बोललो, तेवढंच. बरं, दोन पेपरांना.

मग मी बेटांवर गेलो. नारळ, मासे आणि तीनशे लोक मावतील एवढं स्टेडियम. पोरं मात्र गुणी. त्यांना हेच शब्द शिकवले, दुसरे कुठनं आणू? माझं मळ्यातलं मराठी ती पोरं समुद्राकाठी बोलायला लागली.

माधवीबाई खोदून खोदून विचारत होत्या, तुमच्या पोरांनी दुसऱ्या बाकावरची हाक ऐकलीच का? तर हेही लिहून टाकतो. मॅचच्या आदल्या दिवशी मी पोरांना सांगितलतं की समोरचा कोच माझेच शब्द वापरतो, माझ्यासारख्याच आवाजात. त्याच्याकडं कान ठेवा. तो 'पाट सोड' म्हणाला की बॉल कडेनं येणार हे तुम्हाला आधी कळंल. ह्यात काय चुकलं? शब्द माझे. माझ्या विहिरीचं पाणी मी माझ्या वाफ्यात घेतलं तर ती चोरी व्हय? पहिल्या अर्ध्यात तुझा पाट माझ्या पोरांनी तीन वेळा अडवला. तिसऱ्या वेळी तू वळून माझ्याकडं बघितलंस. मी हसलो.

तेवढं हसायला नको होतं. तिथंच तुला उमगलं की माझ्या पोरांचे कान तुझ्याकडं हायत.

पण ऐकणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पोरांना खोटी हाक देणं वेगळं. खेळात त्याला कार्ड दाखवतात. शेतात त्याला काय म्हणतात ते पत्रात लिहीत न्हाय.

मामा


बेळगुंदी, ३१ ऑगस्ट

सौरव,

तुझं लेखी उत्तर समितीनं आम्हाला पाठवलं. माधवीबाईंनी मराठीत करून वाचून दाखवलं. "असे शब्द मी उच्चारले नाहीत. तो आवाज माझ्या मामांचा असावा." असावा! सरळ 'हाय' म्हणायची पण हिंमत न्हाय तुझ्यात.

तू गप्प होतास तोवर मला वाटायचं, आतनं कुरतडत असंल, आज न उद्या बोलंल. मी तुझ्या बाजूनं वाट बघत होतो, गाढवासारखा. आता तू लिहून दिलंयस. म्हंजे आता खरं निघालं तर तुझीही नोकरी ऱ्हाणार न्हाय, हे माधवीबाईंनी मला समजावून सांगितलं. तूच करून ठेवलंस ते.

पुरावा म्हणशील तर एका प्रेक्षकाच्या मोबाईलातली क्लिप. पाठीमागनं घेतलेली. तुझी पाठ, माझी पाठ, आणि हाक. आवाज तपासणाऱ्या मशीनवाल्यांनी कळवलं, गोंगाट लई हाय, नक्की सांगता येत न्हाय. तेव्हा मी समितीला म्हटलं, हे दोन आवाज वेगळे करणारं जगात एकच माणूस हाय, माझी सख्खी बहीण. तिचाच हा मुलगा. ती खोटं बोलत न्हाय. समितीतल्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं आणि हो म्हटलं. तुला विचारलं, तूही हरकत घेतली न्हाईस.

माधवीबाई मात्र भडकल्या. म्हणाल्या, "काका, मी कोर्टात आईला कधीच मुलाविरुद्ध उभं करत नाही. ती खोटं बोलेल म्हणून नव्हे. खरं बोलली तरी तिला घरी जाऊन जगायचं असतं." मी म्हटलं, बाई, तुम्हाला आमची बेबी ठाऊक न्हाय.

आज अनगोळला गेलतो. गौरी बसवायची गडबड चाललेली. बेबी गौरीला साडी नेसवत होती. मी म्हटलं, समिती तुला क्लिप ऐकवंल, आवाज कुणाचा तेवढंच सांगायचं. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "अण्णा, दुसरं कोण न्हाय व्हय?" म्हटलं, दुसरं कोण असतं तर तुला कशाला सांगितलं असतं. ती निऱ्या नीट करायला लागली. मी जेवून आलो.

अकरा तारखेला हाय. अजून तुझ्या हातात हाय सौरव. तू एक ओळ आधी पाठवलीस तर तिला त्या खुर्चीत बसवायचं कारणच ऱ्हात न्हाय. माझं सोड. तिला सोडव.

मामा


बेळगुंदी, १४ सप्टेंबर

सौरव,

तू होतासच. तरी लिहितोय, कारण तू खाली बघत होतास. तुला दिसलं न्हाय ते मला दिसलं.

बेबी ठेवणीतली इरकल नेसून आलती. माधवीबाईंच्या ऑफिसात टेबलावर लॅपटॉप, त्यात समितीचे तीन चेहरे, एक दुभाषी, आणि कोपऱ्याच्या चौकटीत तू. कोट घातलेला. बेबी मला हळूच म्हणाली, "वाळलाय गं बाई." एवढंच. मग तिनं पदर नीट केला.

क्लिप वाजली. "बांध फोडा!" सौरव, ती हाक आली आणि तुझ्या आईची मान आपोआप तुझ्या चौकटीकडं वळली. कुणी न सांगता. झोपेत पोराचं रडणं ऐकून वळावी तशी. मी बघितलं. माधवीबाईंनी बघितलं. मला वाटलं, सुटलो.

ती म्हणाली, परत लावा. परत लावली. ह्या वेळी ती मान खाली घालून हाताच्या बांगड्यांकडं बघत ऐकत होती. दुभाष्यानं विचारलं, आवाज कुणाचा?

"माझ्या अण्णाचा."

त्यानं विचारलं, नक्की?

"नक्की. मी कधी चुकत न्हाय."

मी ओरडायला तोंड उघडलं तर माधवीबाईंनी टेबलाखालनं माझा हात दाबून धरला. आता काही बोलू नका काका, म्हणाल्या. बोलणार तरी काय होतो? माझी बहीण खोटं बोलत न्हाय, हे मीच त्यांना सांगितलतं. माझ्याच तोंडानं.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. मी विचारलं, सौरवचा फोन आलता काय? म्हणाली, "न्हाय. कुणाचा न्हाय." मग बाहेर बघत म्हणाली, "मला तसंच ऐकू आलं अण्णा. कान म्हातारे झाले." तिला अनगोळच्या कोपऱ्यावर उतरवलं, तर ती माझ्या भाड्याचे पैसे रिक्षावाल्याच्या हातात कोंबून पळाल्यासारखी गेली.

मला राग तिचा यायला पाहिजे. येत न्हाय, हे लई वाईट हाय. सगळा तुझाच येतोय. तू एक शब्द बोलला असतास, "आई, थांब" एवढं जरी म्हटलं असतंस, तरी मी माझं सगळं सोडून दिलं असतं. खरं सांगतो. तू चौकटीत बसून तिला बोलू दिलंस.

रवळू


बेळगुंदी, २४ ऑक्टोबर

सौरव,

हे शेवटचं. ह्याला उत्तर नको.

बंदी लागली. तुला कळलंच असंल, पेपरात होतं. शाळेच्या हेडमास्तरांनी घरी येऊन चहा घेतला आणि बिचारे अवघडून म्हणाले, पोरींच्या स्पर्धा जवळ आल्यात, तुम्ही मैदानावर दिसलात तर संघ बाद होईल. मी म्हटलं, दिसणार न्हाय. आता मी कंपाउंडच्या पलीकडं काजूच्या झाडाखाली बसतो. बॉलचा आवाज येतो. कुठं चुकलं ते नुसत्या आवाजावरनं कळतं आणि तोंड मिटून बसावं लागतं. परवा ओवी म्हणून एक पोरगी हाय, सेंटरला खेळते, ती 'पेंढी बांधा गं' असं ओरडली. मी उठून घरी आलो.

काल भाऊबीज. जाणार न्हवतो. तुझी मामी म्हणाली, "भाऊ जिवंत असताना बहिणीनं चंद्राला ओवाळायचं व्हय?" म्हणून गेलो.

दाराशी पोचलो. शेजारची बाळाबाई कट्ट्यावर बसलेली. मी सवयीनं म्हणून गेलो, "दार उघड." आत मिक्सर न्हवता, टीव्ही न्हवता. बेबीच्या बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या. माणूस दार उघडायला येतो त्याच्यापेक्षा जरा जास्त वेळ गेला. मग आतनं आवाज आला, चांगला मोठ्यानं:

"कोण? सौरव आलास काय रं?"

मी तिथंच उभा. बाळाबाई माझ्याकडं बघून हसली, म्हणाली, "बघा की, बेबीला आता काय बी कळंना." बेबी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासनं त्या दारात मला कधी नाव सांगावं लागलं न्हवतं. काल सांगितलं. म्हटलं, "न्हाय गं. रवळू."

तिनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "अगदी त्याच्यासारखा वाटलास बघ." पाट मांडला, ओवाळलं. माझ्या पानात एकावर एक करंज्या वाढत होती आणि मी खात होतो. आम्ही रताळ्याच्या भावाविषयी बोललो. निघताना तिनं विचारलं, "परत येशील न्हवं?" म्हटलं, येईन.

आणि मी जाणार हाय. तिला खोटं बोललेली बहीण व्हायचं न्हाय, चुकलेली बहीण व्हायचंय. तेवढं मी तिला देऊ शकतो. मी दर वेळी दारात उभा ऱ्हाणार, ती दर वेळी चुकणार, आणि मी दर वेळी नाव सांगणार.

पहिल्या पत्रातला आशीर्वाद ऱ्हायलाय. तो मी देणार न्हाय. तुझ्या आईनं दिलाय तेवढा तुला पुरे.

फक्त एक सांगून ठेवतो. दिवाळीला तू आला न्हाईस, पण कधी तरी येशीलच. तेव्हा दारात आधी नाव सांगून हाक मार. न्हायतर आतनं ती तुला अण्णा म्हणंल, आणि तुला ओ द्यावी लागंल.

रवळू